वाकून गायलेलं गाणं

यंदा रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आठ दिवस उशिरा लागली. पऱ्ह्यांची रोपं हातभर वाढून बसली होती, शेताच्या बांध्यांत पाणीही होतं, पण चिखल करायला ट्रॅक्टर मिळत नव्हता. चिखल झाल्याशिवाय बाया बांधीत उतरून करणार काय? तालुक्याच्या दवाखान्यात मी औषधांचं भांडार सांभाळते. दर वर्षी माहेरच्या शेतातल्या रोवणीसाठी आठ दिवसांची रजा काढते. यंदा रजेच्या अर्जावरची तारीख मी दोनदा बदलली. तिसऱ्यांदा बदलत होते तेव्हा फोन वाजला. प्रमोद, माझा धाकटा भाऊ. चंद्रपूरला असतो, लग्नात आणि ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो.

"ताई, खोली मोकळी हाये का?"

"हाये. काऊन?"

"काम होतं जरा. येऊ का शुक्रवारी? एक पोरगी हाये संगं, गाणारी."

शुक्रवारी बाया बांधीत असतात, हे त्याला ठाऊक आहे. मी "ये" म्हणाले. फोन ठेवल्यावर अर्जावर पाहिलं, तर तारखेच्या जागी मी 'खोली' असं लिहून ठेवलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून कागदावर अशी चूक झाली नव्हती. नवा कागद घेतला.

ती खोली म्हणजे आमच्या सिंदेवाहीच्या घराची उत्तरेकडची कोठी. दहा बाय बारा, वर टीन, एक खिडकी. पूर्वी तिथं धानाची पोती असायची. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आम्ही भावंडांनी तिचा स्टुडिओ केला. आता हा शब्द मी सहज लिहिते आहे. तेव्हा तो उच्चारताना आम्ही दोघंही हसायचो. आमचे हे तर जेवायला बसताना विचारायचे, "काय वो, तुमच्या मुंबईत आज पाहुणे किती?"

प्रमोदची कल्पना अशी होती की रोवणीची गाणी नीट रेकॉर्ड करायची. मोबाईलवर, चिखलात उभं राहून केलेली तशी नाहीत. स्वच्छ आवाजात, मागे बासरी, ढोलकी, कीबोर्ड, सगळं बसवून. पाच गाण्यांचा संच करायचा, त्यावर चित्रं बसवायची आणि लोकांसमोर सोडायचा. "आपल्या झाडीपट्टीतली गाणी हायेत ताई, कोणाले मायत नाईत," असं तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "तूच गा."

मी गाणारी नाही. म्हणजे घरात, दवाखान्यात मी कधी गात नाही. गाते ती फक्त बांधीत. पंधरा-वीस बाया ओळीत वाकलेल्या असतात, एकीनं गाणं उचलायचं आणि बाकीच्यांनी ओढायचं. आई होती तोवर ती उचलायची. ती गेल्यावर ते काम आपोआप माझ्याकडे आलं. रांगेत कोण कुठं उभी राहील, पऱ्ह्यांच्या जुड्या कोण फेकेल, जेवणाचा डबा बांधीच्या कडेच्या कुठल्या धुऱ्यावर ठेवायचा, हे सगळं माझ्याकडे आलं तसंच. मला ते व्यवस्थापनाचंच एक अंग वाटायचं. गाणं चालू असलं की रांग वाकडी होत नाही.

पण प्रमोदनं "तूच गा" म्हटलं आणि त्या दिवशी मी संध्याकाळची भाजी करपवली.

कामाला लागायचं तर वही हवी. मी नवी वही काढली आणि पहिल्यांदा आवाजांची यादी केली. कोठीत बसून, दार लावून, कान देऊन. पहाटे नळ येतो तेव्हा मोटर. सातला शेजारचं कुकर. मग राइस मिल, ती दुपारी दोनला जेवणापुरती थांबते. गोंदियाची गाडी आणि बल्लारशाची गाडी, रूळ घरापासून लांब असले तरी दोन्हींची जमिनीतून येणारी घरघर. संध्याकाळी बेडूक. पावसाळ्यात बेडकांना उपाय नाही. सगळं लिहून पाहिलं तर दुपारी दोन ते चार एवढाच वेळ हाती उरत होता, तोही पाऊस नसला तर. टिनावर पाऊस पडला की आतला माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही.

टिनाचं काय करायचं यावर आम्ही आठवडाभर डोकं चालवलं. प्रमोदनं कुठंतरी अंड्यांचे ट्रे लावलेले पाहिले होते. मी बाजारातल्या अंडेवाल्याला सांगून पावणेदोनशे ट्रे जमवले, पुसले, उन्हात वाळवले आणि भिंतींना ठोकले. काहीही फरक पडला नाही. फक्त खोली कोंबड्यांच्या दवाखान्यासारखी दिसायला लागली. ते सगळे काढले. मग मी म्हटलं, आपल्याकडे तणसाला काय तोटा? रिकाम्या पोत्यांत धानाचं वाळलेलं तणस ठासून भरलं, पोती शिवली आणि टिनाखाली बांबूच्या ताट्यांवर शेजारी-शेजारी रचली. भिंतींना जुन्या गोधड्या, दोन थरांत. खिडकीला आतून गादी. प्रमोद मध्ये उभा राहिला, टाळी वाजवली, आणि टाळीचा आवाज तिथल्या तिथं मेला. तो लहान पोरासारखा हसला. चाळिशी ओलांडलेला माणूस.

"ताई, नागपूरले असा आवाज मरत नाई."

ते वाक्य मी किती दिवस जपून ठेवलं होतं, हे आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

तणसाबरोबर एक रातकिडा आला. हे कळायला वेळ लागला, कारण माणूस बोलत असेपर्यंत तो गप्प असायचा. माइक चालू करून आम्ही श्वास धरला की सुरू. तो माइक असा की सुई पडली तरी टिपतो. दोन दिवस आम्ही एकेक पोतं उतरवून, कानाला लावून, परत चढवत होतो. यांनी दारातून डोकं घातलं आणि विचारलं, "सापडली का गायिका?" शेवटी किडा सापडला तो पोत्यात नव्हताच, गोधडीच्या घडीत होता. प्रमोदनं त्याला ओंजळीत घेऊन परसात सोडलं. मारला नाही. "आपल्या आधी यानं रेकॉर्ड केलं हाये," म्हणाला.

पॉप फिल्टर म्हणून तोंड आणि माइक यांच्यात एक जाळी लागते, म्हणजे 'प' आणि 'भ' म्हणताना हवेचा फटका बसत नाही. ती मी माझ्या कशिद्याच्या रिंगला जुनी नायलॉनची ओढणी ताणून केली. वायरींत भुणभुण येत होती. वायरमन म्हणाला, अर्थिंग नाही. मग परसात खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरला. कोळसा प्रमोदनं चंद्रपूरहून पिशवीतून आणला. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "काय हाये?" तर हा म्हणाला, "गाणं हाये." कंडक्टर त्याच्याकडे बघतच राहिला असेल. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं हसून. मी वहीत लिहीत जायचे, झालेल्या कामावर रेघ मारायचे. आषाढ लागला तोवर एकच ओळ बिनरेघेची उरली होती: गाणं.

आणि तेच येईना.

मी माइकसमोर उभी राहिले, हेडफोन लावला, आणि माझ्या तोंडून शाळेतल्या प्रार्थनेसारखं काहीतरी निघालं. सूर बरोबर होते, शब्द बरोबर होते, पण बाकी काहीच नव्हतं. प्रमोद समजुतीनं म्हणाला, "आरामात, ताई." मी पाणी प्यायले. पुन्हा तेच. चार दिवस तेच. पंखा बंद, खोलीत भट्टी, मी पदरानं घाम पुसते आहे आणि हा लॅपटॉपकडे बघत मान हलवतो आहे. पाचव्या दिवशी माझ्या कंबरेत उसण भरली. मी सहज वाकले, गुडघ्यांवर हात टेकले, आणि तशीच, वैतागून, ओळ उचलली.

*बांधीच्या पाण्यात आभा… ळ वाकलं गं,*
*आभाळ वाकलं नि मी बी वाकली.*

प्रमोद ताडकन उठला. "थांब, तशीच राय. हलू नको!"

तेव्हा आम्हाला कळलं की हे गाणं उभं राहून गाता येतच नाही. रोवणीत डाव्या हातात जुडी असते, उजव्या हातानं रोपं सोडवायची, खाली खोचायची, एक पाऊल मागं. खोचताना पोट दबतं आणि श्वास तिथं संपतो, मग शब्द कुठंही असो. म्हणून 'आभा' म्हणून श्वास तुटतो आणि 'ळ' पुढच्या रोपाला जातो. पिढ्यान्‌पिढ्या बाया असंच गात आल्या. आम्हाला वाटायचं चालच तशी आहे. प्रमोदनं माइकचा स्टँड काढला, स्वयंपाकघरातला पाट आणला, पाटावर उशी आणि उशीवर माइक ठेवला. मी समोर वाकले. हातात काही नसेल तर हात अवघडतात, म्हणून परसातल्या गवताची एक जुडी घेतली. अशी, गोधड्यांच्या खोलीत, कोरड्या फरशीवर, मी रोवणी करत पाच गाणी गायले. आठ दुपारी लागल्या. शेवटच्या दुपारी त्यानं मला हेडफोन लावून ऐकवलं.

माणूस आपला आवाज रोज ऐकतो असं समजतो, पण ते खरं नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्यात आईचा आवाज होता, थोडा जाडा, कडेला फाटलेला. मी हेडफोन काढला आणि चहा ठेवायला गेले, कारण प्रमोदसमोर मला रडायचं नव्हतं.

रोवणीच्या रांगेत मी सगळ्यांना सांगितलं. हे मी करायला नको होतं. पण मी यादी करणारी बाई. काम झालं की झालं, असं मला वाटतं. "आपली गाणी येऊन राह्यली," मी म्हटलं. गिरजाबाई आमच्या रांगेतली सगळ्यांत मोठी, सगळ्यांत टवाळ. ती म्हणाली, "मंग आमाले बोलशीन का तू? का टीव्हीतूनच बोलशीन?" बाकीच्या खिदळल्या. एकीनं विचारलं, "फोटो येईन का वो तुमचा?" मी म्हटलं, "फोटो नाई, आवाज येईन." गिरजाबाई म्हणाली, "आवाज आला म्हणजे बाई आलीच." तेव्हा ते मला फार सुंदर वाटलं होतं.

मग भादवा गेला, आश्विन गेला. प्रमोद म्हणायचा, मिक्सिंग चालू हाये, नागपूरले काम हाये. भाऊबीजेला तो आला नाही. राजुऱ्याला कार्यक्रम आहे म्हणाला. सणाच्या दिवशी कार्यक्रम असतातच, वाजवणाऱ्याचे ते कमावण्याचे दिवस. मी वाईट वाटून घेतलं नाही. आरतीचं ताट उचलून ठेवलं आणि त्याचे लाडू डब्यात भरले. आता वाटतं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. तो माझ्याकडे न येता कधी राहिला होता?

धानाची कापणी चालू होती. दुपारी धुऱ्यावर बसून आम्ही डबे उघडले होते. गिरजाबाईच्या सुनेच्या मोबाईलवर कुणीतरी काहीतरी पाठवलं होतं. तिनं लावलं. बासरी वाजली. ती बासरी मी ओळखली. कोठीत बसून प्रमोदनं कीबोर्डवर आधी तशीच वाजवली होती. मी जेवण थांबवून बसले. बाया माझ्याकडे बघून हसायला लागल्या. "आली वो आली!" कुणी म्हणालं.

आणि एक तरुण, पातळ, गोड आवाज सुरू झाला.

बाया अजून हसत होत्या. त्यांना वाटलं, यंत्रातून आवाज असाच होतो. मलाही क्षणभर वाटलं. मग तो आवाज त्या ओळीवर आला. 'आभा', आणि श्वास, आणि 'ळ'. अगदी तिथं. ज्या पोरीनं हे गायलं तिनं आयुष्यात रोप खोचलं नसणार, ती सरळ उभी राहून, गार खोलीत गायली असणार. पण श्वास तिनं माझा घेतला होता. दुसऱ्या कडव्यात मला ठसका येता येता राहिला होता, तिथं मी किंचित थांबले होते. तीही तिथं थांबली. माझा ठसकासुद्धा त्यांनी नेला होता आणि मला तेवढं वगळलं होतं.

गिरजाबाईला सगळ्यांच्या आधी कळलं. ती हसायची थांबली. मोबाईल तिनं सुनेच्या हातातून घेतला आणि उलटा करून मांडीखाली ठेवला. "भात खा," मला म्हणाली, "गार होऊन राह्यला." त्या दुपारनंतर त्या रांगेत कुणी मला काही विचारलं नाही, आजवर नाही. त्यांच्या त्या न विचारण्याचा मला जितका त्रास झाला तितका चेष्टेचा झाला नसता.

मी भांडणारी बाई नाही, विचारणारी आहे. पुढच्या आठवड्यात चंद्रपूरला औषधांच्या मागणीचे कागद द्यायचे होते. ते दिले आणि जटपुरा गेटकडून चालत प्रमोदच्या घरी गेले. तो जिन्यातच भेटला, कीबोर्डची पेटी खांद्यावर, कुठंतरी निघालेला. मला पाहून त्यानं पेटी खाली ठेवली नाही.

"थे गाणं कोणं गायलं?" मी विचारलं.

"ताई, थे असंच असते. पहिले कोणी तरी गाऊन ठेवते. त्याच्यावर वाजवणारे वाजवतात. मंग गाणारी येते, थे आयकून गाते, नि पयला आवाज काढून टाकतात. डमी म्हणतात त्याले. सगळीकडं होते."

"तुले पयल्या दिवसापासून मायत होतं?"

त्यानं जिन्याच्या कठड्याकडे पाहिलं. "तुले सांगतलं असतं तर तू अशी गायली असती का?"

मी जिना उतरले. बस स्टँडपर्यंत चालत आले, रिक्षा केली नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मी वाटेभर शोधत होते, कारण तो प्रश्न बरोबर होता. डमी आहे म्हणून सांगितलं असतं तर मी नीट, स्वच्छ, कामापुरतं गायले असते. वाकले नसते. मी जे दिलं ते फक्त न सांगितल्यामुळेच मिळणार होतं, हे त्यानं आधीच ओळखलं होतं. तो मला इतकं ओळखतो. परका माणूस असं फसवू शकत नाही, त्याला आपल्याबद्दल एवढी माहितीच नसते.

नंतरच्या दिवसांत मी आपल्या सवयीप्रमाणे हिशेब मांडायला बसले, काय गेलं याचा. खोली गेली नाही, ती तिथंच आहे. आवाज गेला नाही, घशातच आहे. गाणी तर सगळ्या बायांची, ती माझी कधी नव्हतीच. कागदावर काहीच उतरेना. भांडारात एखादी पेटी कमी भरली की मी तासाभरात शोधून काढते. इथं सगळ्या पेट्या जागेवर आणि तरी भांडार रिकामं. मी वही मिटली. त्या विषयावरचं ते माझं शेवटचं पान.

त्यानंतरच्या दोन रोवण्यांत गाणं मीच उचललं, दुसरं कोण उचलणार. पण एक गोष्ट बदलली. पूर्वी गाताना मला मी ऐकू यायची नाही, आता येते. 'आभा'पाशी श्वास तुटतो आणि माझ्या मनात येतं, ही ती जागा. कुणी घरात येऊन एखादं भांडं हाताळून परत जागेवर ठेवावं, भांडं तेच असावं, पण आपण प्रत्येक वेळी ते पुसून वापरावं, तसं झालं आहे. प्रमोदशी बोलणं चालू राहिलं. तोही सणाला यायला लागला. त्यानं विषय काढला नाही, मीही नाही. खोली मात्र मी झाडत राहिले. दर महिन्याला गोधड्या उन्हात घालायच्या, तणसाच्या पोत्यांत उंदीर शिरले नाहीत ना ते बघायचं. का करते आहे, असं यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, घाण राहिलेली मला चालत नाही.

यंदाच्या त्या शुक्रवारी ते आले. मी सकाळी बांधीत होते, दुपारी स्कूटीनं घरी येऊन खोली उघडून दिली. बरोबरची मुलगी नागपूरची, श्रुती तिचं नाव, पंचविशीची असेल, बोलकी, वाकून पाया पडणारी. खोलीत शिरून तिनं टाळी वाजवली, आणि तिचे डोळे मोठे झाले. मला ती आवडली. हे अडचणीचं होतं. तिचा राग करायची मी मनात पूर्ण तयारी ठेवली होती.

चहा घेऊन आत गेले तेव्हा प्रमोद जमिनीवर बसून वायरी जोडत होता. ती हेडफोन गळ्यात अडकवून उभी होती.

"काकू, ही खोली कोणी केली? काय आवाज आहे इथला!" मग प्रमोदकडे वळून, "भाऊ, मागच्या वेळची डमी इथंच झाली होती ना? काकू, तुम्हाला सांगते, मी ती महिनाभर ऐकत होते. बसमध्ये, स्वयंपाक करताना, सगळीकडे. मला त्या बाईंना भेटायचं आहे. कोण होत्या हो त्या?"

प्रमोदनं मान वर केली नाही. "गावातली एक बाई होती," तो म्हणाला. "रोवणीवाली."

माझ्या हातात ट्रे होता. मला आठवतं, मी त्या वाक्यातलं खोटं शोधत होते. गावातली, हो. बाई, हो. रोवणीवाली, आज सकाळचा चिखल अजून माझ्या नखांत होता. एकही शब्द चुकीचा नव्हता. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर ट्रे ठेवला.

"मी होती," मी म्हटलं.

श्रुती आधी हसली. तिला गंमत वाटली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, प्रमोदच्या पाठीकडे पाहिलं, आणि गळ्यातला हेडफोन काढून हातात घेतला.

"तुम्ही? मग… मग तुम्हीच का नाही गायल्या?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. मले कुठी वेळ, दवाखाना हाये, घर हाये. एवढं म्हटलं असतं की तिघांनी चहा प्यायला असता आणि काम सुरू झालं असतं. लहानपणापासून मी हेच करत आले. शाळेत गुरुजींनी विचारलं की हा गैरहजर का होता, तर मी सांगायची. बाबांनी विचारलं की हा नोकरी का धरत नाही, तर मी सांगायची. त्याच्या सासऱ्यांनी विचारलं की वाजवून घर कसं चालेल, तरी मीच. माझा भाऊ स्वतःबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देतो तेव्हा कसा दिसतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"त्याले विचार," मी म्हटलं.

तो वायर कोपरावर गुंडाळत होता. गुंडाळून झाली, तर त्यानं ती सोडली आणि परत गुंडाळायला घेतली.

"आवाज जरा…" तो म्हणाला. "गावठी वाटते ना लोकाले. आजकालच्या. ताईचा चांगलाच हाये, पण लोकाले…"

"पण भाऊ," श्रुती म्हणाली, तिचा आवाज अगदी लहान झाला होता, "तुम्ही तर मला म्हणाले होते, हुबेहूब असंच गा. श्वास पण तिथंच घे म्हणाले होते. मी नीट श्वास घेतला की तुम्ही कापत होते."

त्यानं वायर पुन्हा सोडली. मी तिच्या हातात कप दिला.

"आता हे नवं गाणं?" तिनं मला विचारलं. त्याला नाही, मला.

"थे तुमचं तुमी पाहा. माह्या बाया बांधीत हायेत, दोन बांध्या राह्यल्या अजून."

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. पायरीवर बसून चपला घालताना कान आपोआप मागं लागले. आत तो तिला काही सांगत असेल, किंवा ती त्याला. कदाचित दोघंही गप्प असतील. कळायला मार्ग नव्हता. ती खोली मीच अशी केली होती, की आतला आवाज बाहेर येत नाही.